एडक्याच्या कपाळावरची खूण

सरक अशी जवळ. समोर नाहीस हे मला ठाऊक आहे, पण लिहायला बसले की मी तुला चुलीपाशी पाटावर बसवते आणि मगच तोंड उघडते. आता बसलीस तर आधी बोलणी खा. तुझी नोकरी गेली हे मला तुझ्या आईकडून कळावं? फोनवर आपलं ‘बरी आहे आजी, काम आहे आजी’ असं गोड गोड चाललेलं. परवा मी खोदून विचारलं तेव्हा म्हणालीस, बाजारात पैसा आटला की कंपनीवाले आधी डिझाइनवाल्यांना घरी बसवतात, तुला नाही कळायचं त्यातलं. मला नाही कळायचं? अगं बये, तुझे आजोबा डिझाइनवालेच होते, आणि मीही. तू पुण्यात काचेच्या ऑफिसात बसून जे करायचीस तेच आम्ही बारामतीत पत्र्याच्या शेडमध्ये करत होतो.

लहानपणी तू विचारायचीस, आजोबा चमच्यानं का जेवतात आणि उजवा हात सारखा सदऱ्याच्या खिशात का असतो. कुणीतरी तुला सांगून टाकलं, मशीनमध्ये सापडला म्हणून. आमच्याकडे मशीन कुठलं गं? तो हात माणसांनी मोडला, दिवसाढवळ्या, एका चित्रापायी. आणि ते चित्र मी काढलेलं होतं. ती गोष्ट आज सांगते, कारण ती मंदीचीच गोष्ट आहे.

ऐंशीनंतरची वर्षं ती. माझ्या सासऱ्यांनी मेंढरं विकून ब्रश हातात धरला होता, तेव्हापासून आमचं दुकान. दुकानाच्या पाट्या, ट्रॉलीवरचे मोर, लग्नपत्रिका, सगळं करायचो. शाळा मी बाहेरूनच बघितलेली. अक्षरं शिकले ती तुझ्या आजोबांच्या ओल्या पाट्यांवरून. वाळेपर्यंत पुढ्यात बसून राखण करायची असायची, तेवढ्यात वाचायला यायला लागलं. रांगोळी माझी बरी होती. ते बघून आजोबांनी एक दिवस माझ्या हातात ब्लेड दिलं आणि म्हणाले, काप.

कसलं काप, ते समजून घे. लाकडी चौकटीवर बारीक जाळीचं कापड ताणून बसवायचं. त्यावर फिल्म चिकटवायची आणि चित्राच्या जागची तेवढी फिल्म ब्लेडनं कापून काढायची. मग वरून शाई घालून रबराच्या पट्टीनं ओढली की कापल्या जागेतून ती खाली उतरते. एका रंगाला एक चौकट. तीन रंगांचं चित्र असलं तर तीन चौकटी. त्यातलं कापायचं काम माझं, शाई ओढायचं आजोबांचं आणि धाकट्या भावजींचं.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे डाळिंबवाले. इंदापूर-बारामतीकडं तेव्हा बागा वाढत होत्या आणि माल पुठ्ठ्याच्या खोक्यातून लांब लांब जायचा. तिकडच्या व्यापाऱ्याला मराठी कुठं वाचता येतंय? त्याला चित्र कळायचं. कुणाचा घोडा, कुणाचं कमळ, कुणाचा जहाजाचा नांगर. व्यापारी फोनवर म्हणायचा, घोडावाला माल पाठवा. त्यामुळं एकाचं चित्र दुसऱ्याला द्यायचं नाही, हा आमच्या धंद्याचा नेम होता. चौकटीसुद्धा भिंतीवर ज्याच्या त्याच्या खिळ्याला टांगलेल्या असायच्या.

त्यात कन्हेरीचे एक तात्या होते. उंच, हाडं निघालेले, मुंडासं बांधणारे. त्यांच्या घरी आधी मेंढरं होती, मग कालव्याचं पाणी आलं, मग बाग. त्यांनी एडक्याचं तोंड मागितलं, वळलेली शिंगं आणि शिंगांच्या वळणात एकेक डाळिंब. मी काढून दाखवलं तर कागद लांब धरून बघत राहिले आणि म्हणाले, “हा हसतोय.”

मी म्हटलं, तात्या, एडका कुठं हसतो का.

“म्हून तर सांगतोय. माझा एडका हसत न्हाय. मारका हाय त्यो.”

ओठाची रेघ मी खाली ओढली तेव्हा कुठं त्यांचं समाधान झालं. मग म्हणाले, आमची खूण घाल. पाठ दिसत नाही तर कपाळावर घाल, दोन तिरके पट्टे आणि खाली ठिपका.

आता खूण म्हणजे काय हे तुला कळायचं नाही, तू मेंढरं फोटोतच बघितलीस. मी कळसची. माझ्या बापाचा वाडा माळामाळानं फिरायचा. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांचा तळ. दोन कळप पाण्यावर एकत्र आले की मिसळायचे. मग मेंढरू कुणाचं ते कशावरून ठरवायचं? पाठीवरच्या गेरूच्या पट्ट्यावरून. ज्याची खूण त्याचं मेंढरू, बोलणं संपलं. दुसऱ्याच्या मेंढरावर आपली खूण घालणाऱ्याला माणसं काठीनं झोडपायची. माझ्या डोळ्यांदेखत एकाची बरगडी गेली होती. आणि भांडण मिटवायचीही एक रीत होती. ज्यानं खूण चुकीच्या जागी घातली त्यानं सगळ्यांसमोर कातर घेऊन तेवढी लोकर स्वतःच्या हातानं कातरायची आणि धन्याच्या हातात द्यायची. खूण कातरली की संपलं. त्यानंतर जो हात उचलेल तो दोषी.

म्हणून तात्यांच्या एडक्याचे ते दोन पट्टे मी काळ्या चौकटीत, मुख्य रेघांबरोबरच कापले. फळाला लाल चौकट वेगळी, पानाला हिरवी वेगळी. म्हटलं, रंग कमीजास्त होतील, खूण राहिली पाहिजे. तात्यांना ते न सांगता कळलं. भावजींना मात्र नाही कळलं. ते बारामतीत जन्मलेले, मेंढरामागं एक दिवस चाललेले नाहीत. त्यांना ते पट्टे म्हणजे नक्षी वाटली. “वहिनी, कपाळाला छान डिझाइन टाकलंय,” म्हणाले. मी हसले.

एडका चांगला चालला. दिल्लीकडचा व्यापारी ‘भेडवाला’ म्हणून माल मागायला लागला.

मग मंदी आली. ती कुठून येते ते मला आजही सांगता येणार नाही. कारखान्यांत शिफ्टा बंद व्हायला लागल्या, डाळिंबाचे भाव पडले, लग्नं अंगणात व्हायला लागली. आमच्याकडं ती रंगांवरून आली. माणूस दुकानात यायचा आणि म्हणायचा, पत्रिकेतला सोनेरी काढा. थोड्या दिवसांनी, हिरवा पण काढा. ट्रॉलीवाला म्हणायचा, मोर नको, नुसता नंबर टाका. मी मोर काढून ठेवलेला असायचा आणि त्याचा पिसारा कापून टाकायचा, मग मान. कापतानाचा तो आवाज मला सहन व्हायचा नाही. जिवंत कोंबडीची पिसं उपटल्यासारखं वाटायचं.

माणसं तापट झाली होती गं. एका मुलीच्या बापानं एकरंगी पत्रिका छापून घेतल्या आणि घरी त्याला पाहुण्यांनी चिडवलं असणार, मयताची पत्रं आहेत का म्हणून. तो परत आला आणि पत्रिकांचा गठ्ठा त्यानं आजोबांच्या तोंडावर मारला. कडा लागून भुवई फुटली. आजोबा खाली वाकून पत्रिका गोळा करायला लागले, पण भावजींनी त्या माणसाची मान धरून शटरवर आपटली. एकच रंग ठेव असं तूच सांगितलंस, हे दोघंही ओरडून ओरडून सांगत होते आणि एकमेकांना मारत होते.

एका कारखान्याच्या फाटकावरची पाटी आजोबांनी रंगवलेली होती, पुरुषभर उंचीची अक्षरं. कामावरून काढलेल्या माणसांनी ती दगडांनी फोडली. आजोबा त्या वेळी तिथून सायकलवरून येत होते. घरी येऊन मला म्हणाले, त्यांनी आधी वेलांटी पाडली. एवढंच म्हणाले आणि जेवले नाहीत.

घरातही तेच. दोघा भावांची कामावरून रोज खडाजंगी. भावजी म्हणायचे, पडेल ते काम घ्या, येईल त्याला काहीही छापून द्या. आजोबा म्हणायचे, नेम सोडला तर दुकान कशाला म्हणायचं. एकदा भावजींनी टर्पेंटाइनचा डबा लाथेनं उडवला, तो माझ्या स्टोव्हजवळ येऊन सांडला. मी ओरडून पातेलं स्टोव्हवर पालथं टाकलं आणि तो विझवला म्हणून घर राहिलं. दोघंही पांढरेफटक पडले, आणि लाज वाटून पुन्हा एकमेकांवरच धावले.

अशात तात्या आले. नेहमी यायचे तसे ऐटीत नाही, पायरीवरच बसले. म्हणाले, यंदा खोकी कोरीच जाऊ दे. आजोबा म्हणाले, एकरंगी करू, नुसती काळी रेघ. तात्या म्हणाले, नको, अर्धा एडका नको मला. मग आत आले, खिळ्यावरच्या चौकटीवरून हात फिरवला, धूळ झटकली आणि मला म्हणाले, “कळसच्या लेकी, ह्याला नीट ठेव. यंदा तो हितंच ऱ्हाईल.”

ठेवला होता मी नीट. पण त्याच सुमारास माझी आई आजारी पडली आणि मी कळसला गेले. पाठीमागं जे झालं ते मला नंतर जोडून जोडून कळलं. सुप्याकडचे एक आबा दुकानात आले. बाग नवी, पहिला बहार. सांगायचं म्हणजे भला माणूस. त्यांना खोक्यावर चित्र हवं होतं, पण नवं करून घ्यायची ऐपत नव्हती. म्हणाले, एखादं पडीक असंल तर द्या. आजोबा माळेगावला पाटी लिहायला गेले होते. दुकानात भावजी एकटे. त्यांनी भिंतीवर नजर फिरवली. एडका यंदा रिकामा होता, मालकानं स्वतः कोरी खोकी सांगितलेली. त्यांनी काळी चौकट काढली, खालचं तात्यांचं नाव चिकटपट्टीनं झाकलं, त्या जागी आबांचं नाव घातलं आणि रेटून छापलं. एवढी तरी समज होती की नाव बदलावं. कपाळावरचे पट्टे झाकावेत हे मात्र त्यांच्या मनात आलं नाही. नक्षी होती ना ती.

मी कळसहून परतले तो बाजाराचा दिवस होता. एस.टी. बारामतीच्या स्टँडवर लागली आणि उतरले तर बाजाराच्या बाजूनं माणसं पळत येत होती. एक ओळखीचा हमाल होता, त्याच्या कानातून रक्त गळत होतं. मला म्हणाला, वहिनी, दुकानाकडं जाऊ नका, आधी पोराला कुठंतरी ठेवा. तुझा बाप माझ्या कडेवर होता. त्याला मी स्टँडवरच्या ओळखीच्या फुलवालीच्या मांडीवर टाकलं आणि धावले.

बाजारात झालं होतं ते असं. तात्यांची कोरी खोकी सकाळी लिलावात गेली आणि व्यापाऱ्यानं त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही. निनावी माल म्हणून भाव पाडला. तात्या मान खाली घालून गाळ्याबाहेर आले, तर पलीकडच्या गाळ्यात थप्प्यांच्या थप्प्या लागलेल्या, आणि प्रत्येक खोक्यावरून त्यांचाच एडका त्यांच्याकडं बघतोय. कपाळावर दोन पट्टे, खाली ठिपका. दिल्लीवाला त्या मालाभोवती ‘भेडवाला आ गया’ म्हणत फिरतोय.

दुसऱ्या कुणाला वाटलं असतं, माझं चित्र चोरलं. जाऊन भांडला असता, भरपाई मागितली असती. तात्यांना तसं वाटलंच नाही. त्यांनी मुलांना हाक मारली आणि म्हणाले, आपली मेंढरं हायती, गाडीत घाला. आणि त्या तिघा मुलांनी कुणाला एक शब्द न विचारता सुप्याच्या आबांचा माल आपल्या टेम्पोत भरायला सुरुवात केली. खूण त्यांची, म्हणजे माल त्यांचा. त्यांच्या डोक्यात त्यात काही चूकच नव्हती.

आबांचा मुलगा आणि पुतणे चहा पिऊन आले तर यांचा अर्धा माल दुसऱ्याच्या गाडीत. मग काय राहतं? हमालांचे लोखंडी आकडे तिथं पडलेलेच असतात. आबांच्या पुतण्यानं आकडा उचलला आणि तात्यांच्या मधल्या मुलाच्या खांद्यात घुसवून त्याला टेम्पोवरून खाली ओढला. तात्यांच्या थोरल्यानं भरलेलं खोकं दोन्ही हातांनी उचलून आबांच्या मुलाच्या जबड्यावर मारलं. त्याचे पुढचे दात तिथंच पडले. थप्प्या कोसळल्या, डाळिंबं फुटली, माणसं त्यावरून घसरून पडत होती आणि पडलेल्यांना लाथा बसत होत्या. हमाल सोडवायला गेले ते मार खाऊन आले. तात्या मधोमध उभे राहून ओरडत होते, “एडका माळावर मोकळा सोडला म्हंजे कुणीबी हाकायचा व्हय?”

मग आबांचा पुतण्या ओरडला की आम्हाला हे दुकानानं छापून दिलंय. आणि क्षणभर भांडण थांबलं म्हणे. दोन्हीकडच्यांनी एकमेकांकडं बघितलं. मग दोन्हीकडचे मिळून आमच्या दुकानाकडं निघाले.

मी पोचले तेव्हा आमच्या शेडचं शटर उखडून बाहेर पडलेलं होतं. आत रंगाचे डबे उलटलेले, निळ्यात लाल, लालात काळा, आणि त्या चिखलात सात-आठ माणसं. भावजी कुठं दिसत नव्हते. ते माळ्यावर जुन्या पाट्यांमागं होते, हे नंतर कळलं. तात्यांच्या थोरल्यानं तुझ्या आजोबांना टेबलावर पालथं दाबलं होतं आणि उजवा हात मनगटाशी धरून पुढं पसरवला होता.

तात्या विचारत होते, कुणाच्या हातानं छापलं?

आजोबा म्हणाले, “माझ्या.”

भावाचं नाव घेतलं नाही. छापलं त्या दिवशी ते माळेगावला होते हे अर्ध्या बाजाराला माहीत होतं, पण तेव्हा कोण हिशोब करतंय. सासऱ्यांच्या वेळचा रंग घोटायचा दगडी बत्ता टेबलाच्या कोपऱ्यात असायचा. थोरल्यानं तो उचलला आणि हातावर मारला. लाकडाचा आवाज झाला आणि त्याच्या आत दुसरा एक आवाज झाला. तो कसा ते मी लिहिणार नाही. आजोबा ओरडले नाहीत, त्यांच्या घशातून नुसती हवा आली. थोरल्यानं बत्ता पुन्हा वर नेला.

मी मध्ये कशी गेले मला आठवत नाही. रंगात पाय घसरला आणि मी गुडघ्यावरच टेबलापाशी गेले, एवढं आठवतं. माझा हात मी त्यांच्या हातावर पालथा टाकला. बत्ता हवेत थांबला. मी तात्यांना म्हटलं, “एडका मी काढलाय. खूण मी कापलीय, तुमीच कपाळावर घालायला लावली. मोडायचा तर ह्यो हात मोडा. पन आदी खूण कातरू द्या.”

कितीतरी वर्षांनी मी माहेरचं बोलले असेन.

तात्या माझ्याकडं बघतच राहिले. आबांचा पुतण्या म्हणत होता, काय कातरतीय, काय बोलतीय ही. तात्यांनी थोरल्याला म्हटलं, “थांब रं.” आणि मला म्हणाले, “कातर.”

एडक्याची काळी चौकट जमिनीवर पडली होती, एका कोपऱ्यात मोडलेली, पण कापड शाबूत. मी ती उचलून सगळ्यांसमोर उभी धरली. ब्लेड माझ्या पिशवीत कायम असायचं. त्या एडक्याएवढं चांगलं मी आधी काही कापलं नव्हतं, नंतरही नाही. शिंगांच्या वळ्या बघ, केसासारख्या बारीक होत्या. मी ब्लेड कपाळात घातलं. ताणलेलं कापड असतं ना ते, एकदा फाटलं की ओरडतंच. पट्टे, ठिपका, भोवतालचं कपाळ, सगळा तुकडा चौकोनी कापून काढला आणि दोन्ही हातांत धरून तात्यांना दिला.

तात्यांनी तो घेतला. मुंडाशाच्या पदरात बांधला. मुलांना म्हणाले, त्यांची खोकी त्यांना परत द्या. थोरल्यानं बत्ता खाली ठेवला, फेकला नाही, ठेवला, आणि स्वतःच्या हाताकडं बघत राहिला.

इथं गोष्ट संपली असं तुला वाटेल. नाही संपली. रीत होती ती मेंढपाळांची. सुप्याच्या मंडळींना तिचं काय? त्यांच्या पोराचे दात पडले होते आणि माल चिखलात गेला होता. आबांच्या पुतण्यानं भिंतीवरच्या चौकटी एकेक खाली ओढल्या आणि टाचेखाली फोडल्या. घोडा फोडला, कमळ फोडलं, नांगर फोडला. तात्यांची तिन्ही मुलं तिथंच उभी होती, मधल्याचा खांदा भिजून लाल झालेला, पण एकानंही हात उचलला नाही. खूण कातरली होती. मी आजोबांचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते आणि एकेक चित्र फुटताना ऐकत होते. शेवटी खुद्द आबा धापा टाकत आले. त्यांनी पुतण्याच्या कानाखाली वाजवली, आजोबांचा हात बघितला आणि म्हणाले, “ह्या मानसाला आदी दवाखान्यात न्या. आपलं मग बगू.” त्यांच्याच गाडीतून नेलं. एका बाजूला त्यांचा मुलगा तोंडाला टॉवेल लावून, दुसऱ्या बाजूला तुझे आजोबा. दोघंही बोलू शकत नव्हते.

पोलिसांनी विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले, शटर पडलं. आमच्या दुकानाला शटर उरलं नव्हतं. तरी पोलिसांनी तेच लिहून घेतलं.

डॉक्टरांनी हाडं जुळवली, पण बोटं वळायला शिकली नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांना भेटतच नव्हती. बरं वाटेल म्हणून मी ब्रश त्यांच्या हातात बांधून दिला. त्यांनी एक उभी रेघ काढायचा प्रयत्न केला, मग ब्रश सोडवून माझ्यापुढं ठेवला. त्यानंतर पाट्या मी लिहिल्या. पहिली पाटी लिहिताना ते मागं उभे राहून वेलांटी कुठं वळवायची ते सांगत होते आणि मी रडत रडत वळवत होते.

भावजी त्याच संध्याकाळी माळ्यावरून उतरले. भावाच्या हाताचं प्लॅस्टर बघितलं आणि भिंतीवर डोकं आपटायला लागले. आजोबांनी डाव्या हातानं त्यांना धरून ठेवलं. तरी ते आमच्यात राहिले नाहीत. पुण्याकडं गेले, गोडाऊनवर रखवालीला लागले, आणि पुन्हा कधी रंगाला हात लावला नाही. दिवाळीला येतात, तुला माहीत आहेत. ते आल्यावर आजोबा उजवा हात खिशातून काढत नाहीत, याचं कारण हे.

मंदी अजून होतीच. फुटलेल्या चौकटींच्या मालकांना मी सांगत गेले, काम येईल तसं पुन्हा करून देईन. बरेचसे आलेच नाहीत. कोऱ्या खोक्यांची सवय झाली होती. दुकानात मी ब्लेड घेऊन बसायची आणि कापायला काही नसायचं. खरं सांगते, मार सोसणं त्यापेक्षा सोपं होतं.

पुढच्या बहाराला तात्या आले. पायरीवर बसले, मुंडाशाची गाठ सोडली आणि तो जाळीचा तुकडा माझ्यापुढं ठेवला. म्हणाले, पुन्हा काढ. मी म्हटलं, एडका काढते, खूण नाही काढणार. खूण तुम्ही घाला, तुमच्या हातानं, तुमच्या खोक्यावर. त्यांनी तुकडा माझ्याकडं सरकवला. मग म्हणाले, बरं.

तेव्हापासून तात्यांच्या खोक्यावर एडका आमचा छापलेला आणि कपाळावरचा गेरू घरच्या माणसांनी बोटानं लावलेला. प्रत्येक खोक्याचा थोडा वेगळा, एखादा ओघळलेला. दिल्लीवाल्याला ते फार आवडलं म्हणे.

छापायला दोन माणसं लागायची, एक चौकट दाबायला, एक पट्टी ओढायला. आजोबा डाव्या हातानं पट्टी ओढायला शिकले होते, पण चौकट कोण धरणार? त्या पहिल्या दिवशी तात्यांचा थोरला न बोलावता आला. दारात उभा राहिला, मग आत येऊन चौकटीच्या दोन्ही कडा दाबून धरल्या. आजोबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. दुपारपर्यंत दोघं समोरासमोर होते, मध्ये तो एडका. शेवटी त्याच्या बोटांना शाई लागली, तेव्हा आजोबांनी खांद्यावरचं फडकं त्याच्यापुढं टाकलं. दरवर्षी येत राहिला तो. दुकान बंद होईपर्यंत.

ती कपाळ कातरलेली चौकट अजून माझ्या ट्रंकेमागं आहे. तात्यांनी परत दिलेला तुकडाही तिथंच आहे, पण मी तो शिवून बसवला नाही. तुला हवा असला तर घेऊन जा. तुझ्या कंपनीनं तुला घरी बसवलं आणि तू काढलेलं सगळं त्यांच्याकडंच राहिलं असं म्हणालीस ना, त्याचा मला राग आहे. तुझी चित्रं तिकडं कुणाकुणाच्या खोक्यावर जात असतील. तू बसून रडत असशील तर रड, पण ब्लेड, म्हणजे तुझं ते जे काय असेल ते, ठेवून देऊ नको.

आणि ये गं. या रविवारीच ये, सकाळच्या गाडीनं, मी बाजरीची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा करून ठेवते. आजोबांना यातलं काही विचारू नको, ते शटरचंच सांगतील. जेवायला बसशील तेव्हा मात्र त्यांच्या उजव्या बाजूला बैस आणि भाकरी कुस्करून दे. माझ्याकडून ते कधी करून घेत नाहीत. तुझ्याकडून घेतील. म्हणून तरी लवकर ये.